दोऱ्यानं बांधलेली पन्नी

श्रीहरी बावण्यांना खर्र्याची जितकी किळस होती तितकी साप-विंचवाचीही नव्हती. ऊर्जानगरच्या कॉलनीतून बाहेर पडलं की डाव्या हाताला सात दुकानांची ओळ लागते, तिच्यातलं चौथं त्यांचं. पाटीवर 'सर्व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती' असं लिहिलेलं, आणि त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत, 'खर्रा खाऊन आत येऊ नये'. गिऱ्हाईक पायरीवर आलं की श्रीहरी आधी त्याच्या हातातली वस्तू बघत नसत, गाल बघत. गाल फुगलेला दिसला की म्हणायचे, थुंकून ये. तो थुंकून आला की विचारायचे, कुठं थुंकलास. निम्मी गिऱ्हाइकं त्या दुसऱ्या प्रश्नालाच वैतागून शेजारच्या दुकानात जात, आणि श्रीहरींना त्याचं काडीचं वाईट वाटत नसे.

आता या मुलखात खर्र्याचं सोवळं पाळायचं म्हणजे उठल्यासुटल्या भांडणाची तयारी हवी. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घालून फळीवर घोटायचा, त्याचा ओला तपकिरी गोळा त्याच पन्नीत गुंडाळून खिशात टाकायचा आणि दिवसभर चिमटीचिमटीनं गालात दाबायचा, हे इथं मास्तर करतो, पोलीस करतो आणि तपासायला बसलेला डॉक्टरही करतो. रिकाम्या पन्न्या रस्त्यावर, नाल्यात, शाळेच्या खिडकीत, देवळाच्या पायरीवर. श्रीहरींच्या धाकट्या भावाचा, लच्छूचा, अर्धा जबडा नागपूरच्या डॉक्टरांनी काढून टाकला होता. पुढचे आठ महिने ते भोक धुण्याचं काम श्रीहरींकडं होतं. लच्छू गेला, पण तो वास श्रीहरींच्या नाकातून गेला नाही. दुकानात कुणी पन्नी विसरलं तर ते हात लावत नसत. सोल्डरिंगच्या टेबलावरचा लांब चिमटा त्यासाठीच ठेवलेला होता.

हे झालं त्यांच्या किळसेचं. त्यांच्या घमेंडीची गोष्ट वेगळी. एकतीस वर्षं वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून काढलेला माणूस. पहाटे युनिट बंद पडलं की साहेबलोक फाइली चाळत बसायचे, आणि श्रीहरी सरळ पॅनल उघडून कुठलं कार्ड मेलंय ते सांगायचे. स्टोअरमध्ये जायचं, पार्ट नंबर जुळवायचा, तसंच दुसरं कार्ड आणून खाचेत सरकवायचं, की युनिट परत चालू. नंबर जुळला की वस्तू तीच, हा त्यांचा एकतीस वर्षांचा धर्म होता आणि त्यानं त्यांना एकदाही फसवलं नव्हतं. निवृत्तीनंतर दुकान टाकलं तेही त्याच धर्मावर. मोबाईलवर व्हिडिओ बघून स्क्रू खोलणाऱ्या पोरांचा उल्लेख ते फक्त 'ते माकडं' असा करत.

करिश्मा आली ती एप्रिलातल्या एका सोमवारी, भर दुपारी, तोंडाला ओढणी गुंडाळून. गाल बघण्याची सोयच नव्हती. बाविशी-तेविशीची मुलगी, खांद्याला कापडी पिशवी. तिनं गेम खेळायचं एक हातात धरायचं यंत्र काउंटरवर ठेवलं आणि श्रीहरींनी लगेच नाक मुरडलं. दहावी नापास पोरं यावर डोळे फोडून घेतात, एवढंच त्यांचं त्या यंत्राविषयीचं मत होतं. तिनं ओढणी सोडली आणि सांगायला लागली तेव्हा मात्र ते हातातलं काम ठेवून ऐकत बसले.

ती सावरपारची. सावरपार म्हणजे कोळशाच्या खुल्या खाणीत गेलेलं गाव. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गाव उठलं, आणि भद्रावतीच्या अलीकडं नंबर टाकलेल्या प्लॉटांवर पुन्हा वसलं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट दिले, त्यामुळं जन्माचे शेजारी दोन टोकांना गेले. जुन्या गावाच्या जागी आता इतका खोल खड्डा आहे की वरून आतले डंपर खेळण्यातले वाटतात. करिश्मानं त्या यंत्रावर ते गाव परत बांधलं होतं. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरं उभी करायचा एक खेळ होता, कंपनीचा नव्हे, कुणा हौशी माणसानं करून फुकट वाटलेला. कंपनीच्या यंत्रावर तो चालत नसे. वरोऱ्याच्या सुनिल नावाच्या पोरानं यंत्राचं कुलूप काढून तो त्यात घालून दिला होता. चार वर्षं ती बांधत होती. त्रेचाळीस घरं, मारोतीचं देऊळ, बोडी म्हणजे गावचं तळं, तिच्या पाळीवरचं सावरीचं झाड, कुणाचा गोठा कुणाच्या भिंतीला लागून होता तेसुद्धा.

तिला स्वतःला यातलं फारसं आठवत नव्हतं. सांगणारा होता लटारू कोतवाल. सरकारी नोटीस असो की कुणाच्या मरणाची खबर, गावात प्रत्येक दारी जाऊन सांगणं हे कोतवालाचं काम, आणि लटारूनं ते चाळीस वर्षं केलं होतं. डोळे मिटून तो घरं ओळीनं सांगायचा, कुठल्या घराची पायरी उंच, कुठल्या दारात कुत्रं, कुठल्या अंगणातून आडवं जाता यायचं. शेवटची तीन घरं त्यानं खाटेवर पडून सांगितली. होळीच्या आधी तो गेला. येत्या हनुमान जयंतीला समाजमंदिराच्या भिंतीवर प्रोजेक्टरनं अख्ख्या गावाला गाव दाखवायचं ठरलं होतं, लटारूच्या म्हाताऱ्या बायकोला, रुखमाबाईला, पुढच्या खुर्चीत बसवून. आणि मागच्या महिन्यात एका लग्नघरी कुणीतरी यंत्र वायफायला जोडलं, समोर आलेल्या प्रश्नाला 'हो' म्हटलं आणि फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झालं. नव्या फर्मवेअरवर तो खेळ उघडतच नव्हता. गाव आत होतं, दार बंद झालं होतं.

"जुनं व्हर्जन टाकून द्या, बाबूजी," ती म्हणाली. "सुनिल म्हनते ते लई जोखमीचं काम हाय, त्याच्याच्यानं होत नाई. माझ्याजवळची कॉपी बी देते. सारं बॅगेतच हाय."

सुनिलला जमत नाही हे ऐकून श्रीहरींना जरा बरंच वाटलं. त्यांनी पावती फाडली, शुक्रवारी ये म्हणाले. तिनं सुनिलचा नंबर पावतीच्या मागं लिहून ठेवला, काही अडलं तर विचारा म्हणून. श्रीहरींनी पावती खिळ्याला टोचली, नंबर भिंतीकडं करून.

ती गेल्यावर त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली. चार्जर पडला, वायर पडली, यंत्राचा डबा पडला, आणि सगळ्यांत शेवटी एक पन्नी पडली. गुंडाळलेली, तोंडाशी पिळून घट्ट बांधलेली, आत तपकिरी गोळा. श्रीहरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी शहाणी वाटली पोरगी, आणि पिशवीत हे. पोरीसुद्धा खायला लागल्या, म्हणजे आता बघायलाच नको. ती पन्नी यंत्राच्या डब्याला लागून पडली होती, तो डबाही त्यांनी फडक्यानं पुसला. मग चिमट्यानं पन्नी उचलली, मान तिरकी करून, श्वास रोखून, आणि पायाशी ठेवलेल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. वरून रद्दी कागदाचा बोळा टाकला, दिसूसुद्धा नये म्हणून.

कॉपी मात्र कुठंच सापडली नाही. श्रीहरींनी पिशवीचे कप्पे चाचपले, डबा हलवून पाहिला. विसरली असेल, हे लोक एक गोष्ट धड करत नाहीत, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. एक फोन केला असता तर सगळंच टळलं असतं. पण फोन कशाला करायचा? त्यांच्या फडताळात तसलंच एक यंत्र पडलेलं होतं, काच फुटलेलं, कॉलनीतल्या कुणाचं तरी, जुन्याच व्हर्जनचं. त्यांनी दोन्ही यंत्रं पालथी घातली, भिंग लावलं आणि मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवला. जुळला. मग कॉपी हवी कशाला?

बुधवारी दिवसभर बसून त्यांनी फुटक्या यंत्राच्या साठवणीच्या चिपवरचं सगळं उतरवून घेतलं आणि करिश्माच्या यंत्रात जसंच्या तसं भरलं. काम सुबक झालं, एकही टाका इकडचा तिकडं नाही. इतकी वर्षं हातात असलेली सफाई होती ती. त्यांनी बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच. बॅटरी बदलली, वायर बदलली, चिप काढून परत बसवली. गुरुवारी दुपारपर्यंत ते त्याच्याशी झटत होते आणि यंत्र मढ्यासारखं पडून होतं. शेवटी त्यांनी खिळ्यावरची पावती काढली.

सुनिल फोनवर अदबीनं बोलला, त्याचाच श्रीहरींना जास्त राग आला. आधी त्यानं फ्यूजचं सांगितलं. यंत्राच्या मुख्य चिपमध्येच बारीक बारीक फ्यूज असतात, प्रत्येक मोठ्या अपडेटला त्यातले काही जाळले जातात. जुनं व्हर्जन सुरू होताना किती जळलेत ते मोजतं, जास्त दिसले की चालायचं नाकारतं. श्रीहरी म्हणाले, फ्यूज उडाला तर नवा लावता येतो. सुनिल म्हणाला, हे नाही लावता येत. ते जाळायसाठीच केलेले असतात, म्हणजे कुणी मागं जाऊ नये. मग त्यानं विचारलं, भरलं काय त्यात? कुणाची कॉपी?

श्रीहरींनी सांगितलं.

"तसं चालत नाई, भाऊ," सुनिल म्हणाला. "यंत्र दिसाले सारखंच, पन हरेकाची किल्ली अलग. दुसऱ्याची कॉपी त्याले वाचताच येत नाई. न् तुमी पूर्न भरलं म्हंता, म्हनजे आतलं तिचं गाव पुसलं गेलं." मग तोच धीर द्यायला लागला. "पन टेन्शन नका घेऊ. दिवाळीले गाव पूरं झालं तवा मीच तिच्या यंत्राची पूर्न कॉपी काढून देल्ली होती, किल्लीसकट. जुन्या व्हर्जनवर नाई जाता येत, पन त्या कॉपीतून गाव काढून कॉम्प्युटरवर दाखोता येते, मी देतो काढून. तिले ते यंत्रातच पायजे होतं म्हून आजवर नाई काढलं. ते कार्ड तिनं तुमाले देलंच असन. पन्नीत बांधून ठेवते ते, वल लागू नये म्हून."

श्रीहरींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. पायाशी डबा होता. रिकामा. मंगळवारी सकाळी झाडलोट करणाऱ्या बाईनं तो दुकानांच्या मागं, नाल्याच्या काठावर उकिरड्यात ओतला होता. ते मागच्या दारानं बाहेर गेले. सातही दुकानांचा कचरा तिथं पडत असे, आणि चहावाला दर दोन-तीन दिवसांनी काडी लावत असे. ढीग अर्धा काळा होता, एका कडेला अजून धूर निघत होता. पलीकडून डुक्कर उकरत होतं. जिकडं बघावं तिकडं खर्र्याच्या पन्न्या, शेकड्यांनी, चिकटलेल्या, लाळेच्या, लाल-तपकिरी. नाकाला रुमाल लावून ते दोन पावलं पुढं गेले, आणि परत फिरले. त्यांना ते जमलं नाही. आपल्याला आत्ता ते जमलं नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतःलासुद्धा नीट सांगितली नाही.

शुक्रवारी करिश्मा आली ती हसत आली. समाजमंदिराची भिंत चुन्यानं पांढरी करून झाली होती. श्रीहरींनी रात्रभर काय सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं. यंत्र अपडेटमुळंच आतून गेलेलं होतं, ते म्हणाले. फ्यूज जळाले होते. त्याला कुणी काही करू शकत नाही. यातला फ्यूजचा भाग खरा होता, म्हणून तो त्यांनी जरा जास्तच समजावून सांगितला.

तिचं तोंड उतरलं, पण ती खचली नाही. म्हणाली, मग कार्ड द्या, सुनिल त्यातून काढून देईल.

"कार्ड?" श्रीहरी म्हणाले. "बॅगेत तर काई नव्हतं."

हे शब्द तोंडातून इतके सहज निघाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. करिश्मानं पिशवी उलटी केली, कप्पे आतून बाहेर काढले. मी माझ्या हातानं टाकलं होतं, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पन्नीत, कोशाच्या रेशमी कापडात गुंडाळून. तपकिरी कापड. मग एकदम ती थांबली. सोमवारी निघायच्या आधी पिशवी बाबांच्या ठेल्यावर ठेवली होती, ती म्हणाली. तिचा बाप, गोपाल पिंपळशेंडे, शेत गेल्यापासून खाणीच्या गेटपाशी पानठेला चालवत होता. खर्रा घोटून विकायचा. त्यानं गिऱ्हाइकाचा खर्रा समजून पन्नी उचलली असेल, कुणाला विकली असेल. तिनं तिथंच फोन लावला, स्पीकरवर, आणि बापाला नको नको ते बोलली. तुमच्या त्या घाणीपायी गाव गेलं, म्हणाली. एकदा खाणीत गेलं, एकदा तुमच्या पन्नीत गेलं. बोलता बोलता रडायला लागली.

फोनमधून ठेल्यावरची घोटायची फळी वाजत होती ती बंद झाली. गोपालनं कुठलाच प्रश्न विचारला नाही.

"असन, माय," तो म्हणाला. "मायाच हातून झालं असन. तू रडू नोको."

श्रीहरी काउंटरच्या आत उभे होते. आयुष्यात त्यांना फार गोष्टींची शिसारी आली होती, पण ती दर वेळी दुसऱ्या कुणाची होती. आत्ता जी आली ती चिमट्यानं उचलून टाकता येण्यासारखी नव्हती. ज्या माणसाच्या धंद्यावर ते उठता-बसता थुंकत होते, तो न केलेला गुन्हा मुलीसाठी मुकाट्यानं अंगावर घेत होता. आणि एकतीस वर्षं नेकीनं नोकरी केलेला श्रीहरी बावणे स्वच्छ हातांनी उभा राहून ते ऐकत होता. लच्छूच्या जखमेचा वास त्यांना आला, आणि तो बाहेरून येत नव्हता.

"फोन ठेवू नोको," ते म्हणाले. "त्याची चूक नाई. पन्नी माया टेबलावर पडली होती. मी फेकली. खर्रा समजून, न उघडता. न् गाव बी मीच पुसलं, दुसऱ्याची कॉपी भरून."

करिश्मा ओरडेल, काहीतरी फेकून मारेल असं त्यांना वाटलं, आणि तिनं तसं करावं अशी त्यांची इच्छाही होती. तिनं फक्त विचारलं, कुठं फेकली.

ती उकिरड्यात थेट गुडघ्यांवर बसली. श्रीहरी रुमाल शोधत होते, तो त्यांनी खिशात परत कोंबला आणि बसले. पहिली पन्नी बोटांनी उचलली तेव्हा घशाशी आलं, दुसरीला खरंच ओकले, नाल्याकडं तोंड करून. तिसरी उघडली. आत कुणाचा तरी चघळून टाकलेला चोथा, त्यावर मुंग्या. चौथी. पाचवी. सगळ्या पन्न्या सारख्याच दिसत होत्या, आणि प्रत्येक उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नव्हतं. वीस-पंचवीस झाल्यावर ओकायचं थांबलं. चहावाला मागच्या दारात येऊन उभा राहिला, बावणे साहेबांना काय झालं म्हणून. दोघं पन्न्या उघडतच राहिली.

तासाभरानं गोपाल सायकलवरून आला. वाळलेला माणूस, गालात खर्रा. त्यानं सायकल लावली, आधी बाजूला जाऊन थुंकला, चूळ भरली आणि मग श्रीहरींसमोर उकिडवा बसला. सगळ्या उघडत बसू नका, तो म्हणाला. बाकीचे लोक रबर लावतात. माझ्या ठेल्यावरची पन्नी दोऱ्यानं बांधलेली असते. कोरपन्याच्या कारखान्यांकडून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या येतात, त्यांच्या शिवणीचा दोरा उसवून मी ठेवतो, पांढरा, जाड. पोरीनंही तोच घेतला असणार.

श्रीहरींना तो दोरा आठवला. चिमट्याच्या टोकाशी, पांढरा, जाड, दुहेरी गाठ मारलेला. त्यांनी तो पाहिला होता. खर्रा कुणी इतक्या जपून बांधत नाही एवढं कळायला काही इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन असायची गरज नव्हती.

पन्नी गोपाललाच सापडली, जळक्या भागाच्या कडेला. सिमेंटच्या गोणीचा दोरा निम्मा शाबूत होता. पन्नी आकसून कापडाला चिकटली होती आणि कापड करपलं होतं. करिश्मानं ते नखांनी सोडवलं. आतलं कार्ड नखाएवढं, एका बाजूनं फुगून वाकलेलं. तिनं ते श्रीहरींच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी दुकानात नेऊन भिंगाखाली धरलं, केवळ ती बघत होती म्हणून धरलं. आतली चिप तडकली होती. त्यांनी मान हलवली. या वेळी त्यांनी फ्यूजचं काही समजावलं नाही.

नवं यंत्र घेऊन देतो, पाहिजे ते करतो, असं ते म्हणायला लागले. करिश्मानं हात वर करून त्यांना थांबवलं. लटारू नसताना नवं यंत्र घेऊन ती काय करणार होती?

"परवा जयंतीले सारं गाव येऊन बसन," ती म्हणाली. "त्याहिले मी नाई सांगत. बाबा बी नाई सांगत. आमच्याइथी खबर दारोदार सांगतेत. तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी श्रीहरी नव्या सावरपारला गेले. स्कूटर समाजमंदिरापाशी लावली. पांढऱ्या भिंतीसमोर कुणीतरी आधीच खुर्च्या आणून रचल्या होत्या. ते पहिल्या प्लॉटपासून सुरू झाले. दारात उभं राहायचं, नाव सांगायचं, मग काय केलं ते सांगायचं. पहिल्या दारी त्यांनी फ्यूज, व्हर्जन, किल्ली असं सगळं सांगितलं. घरातल्या माणसानं ऐकून घेतलं आणि विचारलं, आमचं घर होतं काय त्यात? होतं, श्रीहरी म्हणाले. पायरीसकट होतं काय? श्रीहरींना ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दारापासून त्यांनी यंत्राचं सांगणं बंद केलं. मी पन्नी न उघडता फेकली, तुमचं गाव त्यात होतं, एवढंच सांगू लागले. कुणी पाणी दिलं. कुणी ऐकून दार लावून घेतलं. एका घरात एक माणूस हसला आणि म्हणाला, गाव जायची आम्हाला सवय आहे. बहुतेकांच्या गालात खर्रा होता. श्रीहरी त्यांच्या गालांकडं बघत नव्हते, कारण डोळे वर करणंच होत नव्हतं.

त्रेचाळिसावं दार रुखमाबाईचं. ती ओट्यावर मोहफुलं निवडत बसली होती. तिनं त्यांना बसायला पोतं सरकवलं. श्रीहरींनी उभ्यानंच सांगितलं, बेचाळीस वेळा सांगून शब्द गुळगुळीत झाले होते आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. म्हातारीचे हात फुलांवर चालूच होते. एकेक फूल उचलायची, बोटांनी चेपून आत बघायची, किडकं असलं तर बाजूला टाकायची. सगळं ऐकून झाल्यावर तिनं मान वर केली. रागावलेली दिसत नव्हती, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"उघडून पाहाले किती वेळ लागत होता, भाऊ?"

श्रीहरींना उत्तर येत होतं. गाठ दुहेरी होती, तरी क्षणभराचं काम. म्हातारीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढचं फूल उचललं.